ओल्या ठशाचा फोटो

समजा, तुम्हाला एका माणसाचा फोटो काढायचा आहे. अट एकच: फोटो बघून तो माणूस कोण हे कुणालाही कळता कामा नये. माणूस प्रार्थनेला उभा आहे. खोली लहान आहे. फ्लॅश वापरायचा नाही, बोलायचं नाही, आणि जे टिपायचं ते तुमच्या डोळ्यांदेखत पुसट होत चाललंय. तुम्ही काय कराल? कॅमेरा कशावर धराल?

ताईंनी तो हातांवर धरला. त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तर आपणही तेच केलं असतं.

ताईंचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. पुढच्या अर्ध्या भागात त्यांच्या यजमानांचं झेरॉक्स मशीन आणि वह्या-पेनांचं कपाट, मधे एक जाड पडदा, आणि पडद्यामागे ताईंचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक फिरतं स्टूल, भिंतीला ताणून लावलेलं पांढरं कापड, छत्रीसारखे दोन दिवे आणि एक छोटा आरसा. आरशाच्या खणात एक कंगवा, तो ताई दर गिऱ्हाइकानंतर धुतात. काम बहुतेक ओळखपत्राच्या फोटोंचं. "हनुवटी थोडी खाली. कान दिसू द्या. हसू नका." हे इतक्या वेळा म्हणून झालंय की शाळेतली मुलं त्यांना हनुवटीताई म्हणतात, आणि तेही तोंडावर.

"हसू नका म्हटलं की हसूच येतं हो ताई," एखादी कॉलेजची मुलगी म्हणते.

"मग पडदा सार आणि आमच्या यजमानांकडे बघ. आपोआप थांबेल."

"ऐकू येतंय मला!" पडद्यापलीकडून आवाज येतो, आणि मुलगी आणखी हसते, आणि फोटो पुन्हा काढावा लागतो.

काम बरं चाललं होतं, पण ताईंना त्याचा कंटाळा आला होता. "दिवसभर मी लोकांच्या चेहऱ्यावरचं हसू घालवते," त्या म्हणायच्या. "एकदा तरी असं काहीतरी टिपायचंय जिथं मला कुणाला असं बसा, तसं बघा सांगावं लागणार नाही." त्यांनी पै-पै साठवून एक चांगली लेन्स घेतली होती, कमी उजेडात चालणारी. ती डबीत पडून होती.

किल्लीमामा दुकानात आले ते परवान्याच्या फोटोसाठी. मामा नळदुरुस्ती करतात. त्यांच्या कमरेला पान्यांच्या जोडीनं एक मोठी किल्ली लटकत असते, ती प्रार्थनेच्या खोलीची. टायरवाल्याच्या मागे जो बोळ आहे, त्याच्या टोकाला ती खोली. तिथं जमणाऱ्या थोड्याशा कुटुंबांना गावात भिंतवाले म्हणतात. ते स्वतःला काय म्हणवतात हे विचारावंसं कुणाला वाटलेलं नाही. त्यांच्या खोलीत मूर्ती नाही, चित्र नाही, पुस्तक नाही. चुन्यानं पांढरी केलेली एक भिंत आहे आणि दाराशी पाण्यानं भरलेलं घंगाळ. माणूस आत येतो, उजवा हात पाण्यात बुडवतो, भिंतीवर टेकवतो, उचलतो. भिंतीवर ओला ठसा उमटतो. तो वाळेपर्यंत समोर उभं राहायचं, ज्याच्यासाठी आलो त्याची आठवण ठेवायची. ठसा वाळला की प्रार्थना झाली. भिंत पुन्हा कोरी.

गावाचं त्यांच्याशी भांडण नव्हतं. पण खोली भाड्यानं देताना, सोयरीक जुळवताना, कामावर ठेवताना 'ते भिंतवाले आहेत ना' एवढं वाक्य पुरायचं. पुढचं कुणी बोलायचं नाही.

"मामा, मला तिथं येऊन फोटो काढू द्याल?" ताईंनी हनुवटी खाली करायला सांगता सांगता विचारलं.

मामा स्टुलावरच वळले. "कशाचे?"

"ठशांचे. हातांचे."

"अहो, ठसा वाळला की मागणं पोचलं असं आमच्यात धरतात. तुमच्या फोटोत तो कायमचा ओला राहणार. मग त्या मागण्याचं काय व्हायचं?"

ताई कॅमेऱ्यामागून बाहेर आल्या. मामाच हसले. "असो. वर बसलेल्याला उशिराची सवय आहे. पण एक सांगतो. आमच्यातले काहीजण बाहेर कुणाला सांगत नाहीत. नोकऱ्या आहेत, भाड्याची घरं आहेत. एकही माणूस ओळखू आला तर बघा. त्याचं बिऱ्हाड उठलंच म्हणून समजा."

"एकही चेहरा येणार नाही. शब्द देते."

तो शब्द त्यांनी पाळला, हे आधीच सांगून ठेवतो.

पांढऱ्या भिंतीवरचा पाण्याचा ठसा टिपणं किती अवघड आहे, हे कॅमेरा हातात धरणाऱ्यालाच कळेल. पांढऱ्यावर राखाडी, आणि राखाडीही क्षणाक्षणाला फिकट होणारा. समोरून उजेड टाकला की ठसा गायब. उजेड बाजूनं, भिंतीला घासून जाणारा हवा. ताईंनी आधी कॅमेरा न नेता नुसतंच जाऊन बसायला सुरुवात केली. वरच्या झरोक्यातून ऊन भिंतीवर तिरकं येतं ती वेळ त्यांनी हेरली. कॅमेऱ्याचा आवाज बंद केला. पायात मोजे घातले. लोकांना त्यांची सवय झाली, आणि मगच त्यांनी लेन्स डबीतून काढली.

प्रत्येकाची परवानगी त्यांनी वेगवेगळी घेतली, बाहेर, चपला घालताना. एक बाई नेहमी शेवटी यायची आणि सगळ्यांच्या आधी निघायची. साधी, अंगानं बारीक, नजर खाली.

"माझा चेहरा नको हं ताई. ऑफिसात माहीत नाही, घरमालकाला माहीत नाही."

"नाही येणार. फक्त हात."

"हात चालेल की," ती म्हणाली, आणि चप्पल अडकवून निघून गेली.

कुठल्या ऑफिसात, हे ताईंनी विचारलं नाही. मुद्दामच. आपल्याला जितकं कमी माहीत असेल तितकं तिच्या दृष्टीनं बरं, असा त्यांचा हिशेब. नको त्या ठिकाणी दाखवलेला समजूतदारपणा.

त्या बाईचा फोटो सगळ्यात चांगला आला. ठसा नुकताच उमटलाय, हात भिंतीपासून वीतभर दूर आलाय, बोटांच्या टोकांशी पाणी जमलंय आणि तिरक्या उन्हात एक थेंब सुटण्याच्या बेतात आहे. हाताची करंगळी जरा बाहेरच्या बाजूला वाकलेली. लहानपणी मोडून वाकडीच जुळली असावी. भिंतीवरच्या ठशातही ती तशीच वाकडी. हात आणि ठसा, जणू एकमेकांना निरोप देताहेत.

ताईंनी तो मोठा छापला आणि पडद्याच्या दोरीला वाळत लावला. यजमान चहाचे कप घेऊन आत आले, थांबले.

"छान आलाय गं. ही करंगळी कुठंतरी पाहिल्यासारखी वाटतेय."

"अहो, हात सगळ्यांचे सारखेच असतात."

"तेही खरंच," यजमान म्हणाले आणि कप ठेवून मशीनकडे गेले. तिकडे कागद अडकला होता.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ताईंच्या घरचं वीजबिल नेहमी यजमान भरतात. वीज कार्यालयात दोन खिडक्या आहेत. त्यांच्या काचांवर सूचनांचे इतके कागद चिकटवलेत की आतलं माणूस दिसतच नाही. खाली अर्धगोल भोक आहे, तेवढंच मोकळं. त्यातून बिल आत जातं, पावती बाहेर येते. डाव्या खिडकीतले हात चटपटीत, कधी सुट्ट्या पैशांसाठी अडवायचे नाहीत, म्हणून रांग तिथंच मोठी. गावातल्या निम्म्या लोकांनी त्या हातांमागचा चेहरा कधी पाहिलेला नव्हता. पण ती वाकडी करंगळी सगळ्यांच्या ओळखीची होती.

ताई जन्मभर चेहऱ्यांची छायाचित्रं काढत आल्या. ओळख म्हणजे चेहरा, कान, हनुवटी. जिची ओळख हातात होती अशी एकच बाई गावात होती, आणि नेमका तिच्याच हाताचा फोटो त्यांनी मोठ्ठा करून लावला.

छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या दालनात भरलं. ताईंचे फोटो दाराच्या समोरच्या भिंतीवर. किल्लीमामा स्वतः बघून गेले, प्रत्येक फोटोपुढे हात मागे बांधून उभे राहिले. "एकही चेहरा नाही," ते म्हणाले. "मानलं तुम्हाला." करंगळीच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. ताईंनी घरी येऊन माहेरी फोन लावला, वहिनीला सांगितलं, भाच्याला सांगितलं, यजमानांना पुन्हा एकदा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात यजमान पडदा सारून आत आले. हातात मोबाईल.

"अगं, हा तुझाच ना?"

दुकानदारांच्या ग्रुपवर कुणीतरी प्रदर्शनातल्या त्या फोटोचा फोटो टाकला होता. वरती ठळक पिवळ्या अक्षरांत: 'ओळखा पाहू ही करंगळी कुणाची?' खाली उत्तरांची रांग. पहिल्याच उत्तरात डावी खिडकी. मग हसणारे चेहरे. मग कुणाचं तरी: 'अरेच्चा, म्हणजे ही भिंतवाली? आणि आपण इतकी वर्षं हिच्या हातून पावत्या घेतोय!'

"तेव्हाच मी म्हटलं होतं, कुठंतरी पाहिलीय," यजमान म्हणाले. त्यांच्या तोंडून ते सवयीनं निघून गेलं. ताईंचा चेहरा बघून ते बाहेर जाऊन मशीनपाशी बसले.

ताई चपला घालून आधी वाचनालयात गेल्या. फोटो उतरवायला कुणी नकार दिला नाही. खिळा तेवढा भिंतीत राहिला. तिथून त्या औषधांच्या दुकानात गेल्या, कारण ग्रुप औषधवाल्यानं काढलेला होता.

"पुसतो ना ताई, आत्ता पुसतो, हे बघा, गेला," औषधवाला म्हणाला. तो खरंच भला माणूस. "पण ज्यांनी पुढे धाडला त्यांचं मी काय करू? माझ्या मेहुणीला तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलाय. आणि एवढं मनावर घेण्यासारखं काय आहे? लोक कौतुक करताहेत. बक्षीस मिळालं ना!"

"त्या बाईचं काय होईल?"

"काय होणार? कोण मारतंय का तिला?"

कुणी मारलं नाही. कुणी वेडंवाकडं बोललंही नाही. ताई दुसऱ्या दिवशी बिल घेऊन वीज कार्यालयात गेल्या, आयुष्यात पहिल्यांदाच. उजव्या खिडकीपुढची रांग दारातून बाहेर, पायऱ्यांपर्यंत गेली होती. डाव्या खिडकीपुढे कुणीही नव्हतं. रांगेतल्या माणसांनी मोबाईलमध्ये डोकी घातली होती. ताई डाव्या खिडकीशी गेल्या तेव्हा ती डोकी वर झाली.

त्यांनी बिल आत सरकवलं. हात आला, बिल घेतलं. शिक्का पडल्याचा आवाज आला. भोकाजवळ वाकून ताई म्हणाल्या, "मी आहे. स्टुडिओवाली."

पावती बाहेर आली. करंगळी मुठीत दुमडलेली होती, त्यामुळे पावती दोनच बोटांत धरलेली.

"मला बोलायचंय तुमच्याशी. मला काय करता येईल ते तरी..."

"पुढचा," आतून आवाज आला.

मागे कुणी नव्हतं.

काही दिवसांनी डाव्या खिडकीत दुसरे हात दिसू लागले. साहेबांनी बाईला मागच्या खोलीत जुन्या फायली लावायला बसवलं होतं. शिक्षा म्हणून नाही, गर्दीची सोय म्हणून. मग घरमालकाला अचानक खोलीची गरज पडली. मुलाचं लग्न ठरतंय म्हणाला. मुलगा आठवीत आहे.

ताई किल्लीमामांकडे गेल्या. मामा एका घराच्या मोरीत पाइपाला सूत गुंडाळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मामा, मी शब्द पाळला होता."

"पाळलात की. मी कुठं नाही म्हणतोय."

"मग माझ्यावर चिडा तरी."

"चिडून काय होतंय? दार उघडंच आहे, या तुम्हीही. येणारेच कमी झालेत. जे येतात ते हात पदराखाली नाहीतर खिशात घालून येतात आणि पाण्यापाशी घुटमळतात." त्यांनी पान्यानं नट आवळला. "जरा तो नळ सोडून बघा, गळतंय का."

ताईंनी नळ सोडला. गळत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं की निदान आपल्याकडचं तरी संपवायचं. छापलेले फोटो त्यांनी बारीक बारीक फाडले. कार्ड आणि हार्ड डिस्क घेऊन कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेल्या.

"नुसतं डिलीट नको. कुणालाही कधीही परत काढता येणार नाही असं पुसून दे."

"कायमचं? ताई, नंतर रडत येऊ नका हं. वरून दुसरा डेटा फिरवला की माझा बाप आला तरी निघणार नाही."

"तसंच पाहिजे मला."

दुरुस्तीवाल्यानं काम चोख केलं. प्रार्थनेच्या खोलीतला एकेक फोटो गेला, मामांच्या खरबरीत हातांचा, जुळ्या बहिणींच्या हातांचा, सगळेच. ताईंना जरा मोकळं वाटलं. आपल्या हातात होतं तेवढं आपण केलं, असं त्या यजमानांना म्हणाल्या. यजमान मान हलवत म्हणाले, "केलंस, केलंस."

मग एका दुपारी ती आली.

यजमान जेवायला गेले होते. ती पडदा सारून सरळ आत आली, पर्स खाली ठेवली, स्टुलावर बसली. "अर्जाला लावायला फोटो हवेत. दुसऱ्या गावी बदली मागतेय."

ताई उठल्या. कितीतरी दिवस मनात जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना. त्यांनी दिवे लावले. कॅमेऱ्यामागे गेल्या. आणि सवयीनं तोंडून निघालं, "हनुवटी थोडी खाली. कान दिसू द्या."

तिनं केस कानामागे सारले. तिचा चेहरा ताई पहिल्यांदाच इतका जवळून, पुऱ्या उजेडात बघत होत्या. सुरेख चेहरा होता. हसू नका म्हणायची गरजच पडली नाही.

फोटो छापून येईपर्यंत दोघी मशीनच्या आवाजात उभ्या राहिल्या. ताई म्हणाल्या, "मी काय बोलू... माझ्यामुळे..."

"मला तो फोटो हवाय," ती म्हणाली.

"कुठला?"

"तोच. हाताचा. प्रदर्शनात लावला होतात तो. मोठा छापून द्या, तेवढाच."

ताईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मी तो... पुसला. सगळे पुसले. फाडले. तुमच्यासाठीच हो, पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून."

"अख्ख्या गावाकडे आहे," ती म्हणाली. "माझ्याकडेच नाही."

"मोबाईलवरचा मिळेल. आमच्या यजमानांच्या मोबाईलमध्ये अजून असेल, थांबा, ते येतीलच..."

"त्याच्यावर लिहिलंय." ती पर्स उचलत होती. "राहू दे."

ओळखपत्राचे फोटो तिनं पाकिटात घातले. ताई पैसे नको म्हणाल्या, तिनं ते टेबलावर ठेवलेच. पडदा हलला आणि ती गेली.

ताई दुकान उघडं टाकून दुरुस्तीवाल्याकडे धावल्या. तो पंखा उघडून बसला होता.

"एकच फोटो काढून दे. फक्त एक."

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, कायमचा."

"अरे, म्हटलं तेव्हा म्हटलं! असेल कुठंतरी, एखादा कोपरा राहिला असेल..."

त्यानं डिस्क घेतली, जोडली, त्यांच्या समाधानासाठी बराच वेळ खटपट केली. स्क्रीनभर शून्यंच शून्यं आली. त्यानं डिस्क फडक्यानं पुसून त्यांच्या हातात परत दिली. वाचनालयात, मंडळात, जिथं जिथं एखादी प्रत उरली असेल तिथं ताई फिरून आल्या. मंडळाकडे होती ती त्यांनी स्वतःच मागून नेऊन फाडली होती.

बदली झाली म्हणे. कुठं झाली ते कार्यालयात सांगत नाहीत, आणि विचारायला गेलं की रांगेतली डोकी वर होतात.

ताईंचं काम चालू आहे. स्टूल, पांढरं कापड, हनुवटी खाली. लेन्स पुन्हा डबीत गेली. मी त्यांच्याकडे अर्जाचे फोटो काढायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी हे सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मलाच विचारलं. त्या सगळ्यांना विचारतात. यजमान म्हणाले, फाडून टाकायला हवा असेल, स्वतःच्या हातानं. वहिनी म्हणाली, साहेबांच्या तोंडावर फेकायला. किल्लीमामांना विचारलं तर ते बराच वेळ किल्ली फिरवत बसले आणि म्हणाले, "आमच्यात घरात फोटो लावत नाहीत." यातलं एकही ताईंना पटत नाही. ती मागत होती तेव्हाचा तिचा आवाज त्यांनी ऐकला होता, आणि त्या आवाजात राग नव्हता, एवढं त्या छातीवर हात ठेवून सांगतात.

मग तिला तो फोटो कशासाठी हवा होता?